मध्यान्होत्तर कार्यमुक्त

“ती आता आपल्या स्टाफवर नाहीच की. सोमवारीच मोकळी केली तिला.”

ऑफिसच्या अर्धवट उघड्या दारातून अण्णांचा आवाज आला, तेव्हा मी व्हरांड्यात झेरॉक्स मशीनपाशी उभी होते. पासपोर्टच्या प्रती हातात अजून गरम लागत होत्या. ‘ती’ म्हणजे मीच, हे कळायला वेळ लागला नाही. त्या महिन्यात आमच्या संस्थेतून कुठे जाणारी मी एकटीच होते.

“कार्यमुक्त केलंत? लेखी?” हा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, सरांचा आवाज.

“लेखीच की. सचिवांची सही, जावक नंबर, सगळं. तितं जाऊन रुजू व्हायचं तर हितनं सुटायला नको का?” अण्णा हसले. “नाहीतर एक माणूस दोन मस्टरवर! ऑडिटवाले माझी चामडी सोलतील.”

सर हसले नाहीत.

“मॅडमना माहीत आहे का हे?”

“त्यात काय माहीत व्हायचंय? रीतच हाय ती.”

“नाही, सांगा त्यांना. आजच सांगा.”

सर सहसा कुणाला ‘आजच’ म्हणत नाहीत. झेरॉक्स अण्णांच्या टेबलावर ठेवायच्या होत्या, त्या तशाच घेऊन मी मागे फिरले आणि आवाज न करता प्रयोगशाळेत येऊन बसले. दाराआड उभं राहून ऐकलेलं कुणाला विचारता येत नाही, एवढं मला कळत होतं. ‘कार्यमुक्त’ या शब्दाचा नेमका अर्थ मात्र कळत नव्हता, आणि त्याच शब्दाखाली मी सोमवारी तीन ठिकाणी सही केली होती.

आमची सोलापूरची संस्था लहान आहे. ज्वारीवर काम करते. धान्य, पीठ, पिठाचं आयुष्य, भाकरी. पोर्तुगालमधलं एक विद्यापीठ आणि त्यांच्या शेजारची एक जुनी गिरणी मक्याच्या भाकरीवर असंच काम करतात. दोघांनी मिळून परदेशी निधीसाठी अर्ज केला आणि तो मंजूर झाला. या योजनेत यंत्रसामग्रीला निधी मिळत नाही. निधी मिळतो तो माणसांच्या महिन्यांना. त्यांचा माणूस आपल्याकडे येणार, आपला त्यांच्याकडे जाणार. जितके महिने तो तिकडे राहून काम करील तितक्या महिन्यांचे पैसे. माणूस गेला नाही तर तो महिना कायमचा गेला.

तो अर्ज मी लिहिला होता. म्हणजे विचार मॅडमचे होते, आकडे सरांचे होते, आणि इंग्रजी माझं. मी इंग्रजी शाळेत शिकले. बाबा महापालिकेत पाणीपुरवठा खात्यात कारकून होते. आमच्या गल्लीतून त्या शाळेत जाणारी मी पहिली. शाळेत मला आडनाव विचारायचे आणि मग आणखी काही विचारायचे नाहीत. तेव्हापासून मला कमी बोलायची सवय लागली असावी. लिहिताना मी बरी असते. अर्जातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं. पिठाची ‘विरी’ म्हणजे काय हे मी त्यात समजावलं होतं. ताज्या ज्वारीच्या पिठाला एक धरून ठेवणारा गुण असतो, त्यामुळे भाकरी थापताना कडा तुटत नाहीत. पीठ जुनं झालं की विरी जाते. हा शब्द मलाही आधी ठाऊक नव्हता. आमच्याकडे चाचणीसाठी भाकरी करणाऱ्या मावशींनी तो शिकवला. विरी किती दिवसांनी आणि कशी जाते हे मोजायची पद्धत मी दीड वर्ष खपून बसवली होती. तीच घेऊन मला तीन महिने तिकडे जायचं होतं, त्यांच्या यंत्रावर ती पडताळायला. प्रकल्पाचे जेमतेम साडेतीन महिने उरले होते, म्हणजे जाणं पुढे ढकलायला जागा नव्हती. माझा करारही प्रकल्पाबरोबरच संपणार होता.

जायला सतरा दिवस होते. व्हिसा आला होता, त्यासाठी पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले होते.

मी संगणकावर योजनेचे नियम उघडले. ते मीच मॅडमसाठी वाचून काढले होते, खुणा करून ठेवल्या होत्या. जाणारी व्यक्ती पाठवणाऱ्या संस्थेच्या नोकरीत असली पाहिजे. निघण्याआधी किमान एक महिना सलग असली पाहिजे. तिकडे असतानाही ती इथलीच राहणार, परत येऊन शिकलेलं इथे वाटणार. त्या ओळीवर माझीच पिवळी खूण होती.

मग मी सोमवार आठवून पाहिला. अण्णा स्वतः माझ्या टेबलापाशी आले होते. मोठी वही, वहीवर टाइप केलेला कागद, कागदावर ठेवलेलं पेन. “हितं सही करा ताई. हितं. आन् हितं, प्रत मिळाली म्हणून.” कागदावर लिहिलं होतं की अमुक दिनांकास मला मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात येत आहे. मला मराठी वाचता येतं. पण कचेरीचं मराठी माझ्या डोळ्यांपुढून बसच्या पाटीसारखं जातं, ओळखीचं असेल तेवढंच थांबतं. ‘मुक्त’ थांबला. मला वाटलं, तीन महिने इथल्या कामातून सूट. विचारायला हवं होतं. पण अण्णा उभे होते, शेजारी सर होते, आणि इंग्रजी शाळेतली मुलगी मराठी शब्दाचा अर्थ विचारते म्हटल्यावर जे हसणं येतं ते मी लहानपणापासून ओळखते. मी सही केली. वर “थँक्यू अण्णा” म्हणाले.

अण्णांचा यात काही डाव नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. अण्णा आमचे हेडक्लार्क. सरकारी कचेरीत चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेले, मग आमच्याकडे आलेले. त्यांच्या जगात माणूस एका ठिकाणाहून कार्यमुक्त होतो आणि दुसऱ्या ठिकाणी रुजू होतो. मधे लोंबकळत राहणारा माणूस त्यांना सहन होत नाही. गेल्या वर्षी पोर्तुगालहून एक मुलगी आमच्याकडे दोन महिने आली होती. तिच्याकडूनही त्यांनी पहिल्याच सकाळी मराठीत रुजू अहवाल घेतला होता. ‘मध्यान्हपूर्व हजर झाले आहे’, खाली तिची सही. ती बिचारी सगळ्यांकडे बघून हसत होती. आम्हीही हसलो होतो. मीसुद्धा.

संध्याकाळी घरी आले तर आमच्या शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत आईने मामाची मोठी बॅग उघडून ठेवली होती. अर्धी भरलेली.

“तिकडं थंडी असते म्हणे आता. हे स्वेटर टोचतं का बघ.”

“नंतर बघते.”

“नंतर नंतर करत शेवटच्या दिवशी पळापळ. समोरच्या काकू विचारत होत्या, पोरगी एकटी जाणार का. मी म्हटलं, ऑफिसनं पाठवलंय, एकटी कशी?”

मी स्वेटर अंगात घातलं. टोचत नव्हतं. बाबा पेपर वाचत होते. सोमवारच्या कागदाची माझी प्रत मी पर्समध्येच ठेवली होती. तो कागद त्यांना दाखवायचा नव्हता, म्हणून नुसतंच विचारलं.

“बाबा, मध्यान्होत्तर म्हणजे काय?”

“दुपारनंतर.” पेपर खाली आला. “मध्यान्होत्तर कार्यमुक्त. शेवटच्या दिवशी लिहितात तसं. का गं? कोण रिटायर झालं?”

“ऑफिसमधले एक जण.”

“निरोप-समारंभ तरी केला का? आमच्याकडं मला दुपारी कार्यमुक्त केलं आणि चारचा चहा माझ्याच पैशांनी प्यायला लावला.”

आई हसली. मी स्वेटरचं बटण लावत आणि काढत राहिले. आपण घरात खोटं बोललो, हे मला जितकं टोचलं तितकंच हेही, की सांगायला आपल्याकडे वाक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दहा वाजताच मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या संचालक. माणूस म्हणून चांगल्या. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी तीनदा अडखळले, तेव्हा त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला होता आणि खिडकीबाहेर बघत थांबल्या होत्या.

“बस. जरा गोंधळ झालाय.”

त्यांनी सगळं सांगितलं. मी पहिल्यांदाच ऐकते आहे असा चेहरा केला. कागद आता संस्था चालवणाऱ्या ट्रस्टच्या आवक-जावकमध्ये गेला होता. सोमवारपासून मी संस्थेची कर्मचारी नव्हते.

“आजपासून तुला परत नेमता येईल. पण मग निघायच्या दिवशी महिना भरत नाही. नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत.”

“आदेश रद्द केला तर?” माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

“काय?”

“रद्द.”

“तो सचिवांच्या सहीने निघालाय. रद्द करायचा तर त्यांच्यापुढे लेखी मांडावं लागेल, की आमच्या ऑफिसची चूक झाली. आणि अण्णांच्या मुदतवाढीची फाइल याच आठवड्यात त्यांच्याच टेबलावर आहे.” मॅडम थांबल्या. “अण्णा सदुसष्ट वर्षांचे आहेत. सचिवांना फक्त एक निमित्त हवंय.”

मॅडमनी समोरची फाइल मिटली.

“सर जायला तयार आहेत. त्यांचा मागच्या खेपेचा व्हिसा अजून चालू आहे. महिने वाया गेले तर निधी परत जातो आणि पुढच्या अर्जात ते आपल्याला नडतं. तू समजूतदार आहेस म्हणून तुला सरळ सांगते. तुझी पद्धत सरांना दोन दिवसांत समजावून दे. पुढच्या वेळी पहिलं नाव तुझं.”

पुढची वेळ कधी, हे मी विचारलं नाही. प्रकल्प संपत होता. पुढची वेळ म्हणजे नवा अर्ज, आणि तो मंजूर झालाच तर. तोपर्यंत मी कुठे असेन हे मॅडमनाही सांगता आलं नसतं.

“आणि चार वाजता त्यांच्याशी कॉल आहे,” मॅडम म्हणाल्या. “तिकडच्या समन्वयक बाईंना मी सकाळी थोडक्यात मेल केलाय, की तुला घरगुती अडचण आली आहे. कॉलवर तूच सांग. तुझं इंग्रजी ऐकायची त्यांना सवय आहे. माझ्या तोंडून ते ओढूनताणून वाटेल.”

मी “हो मॅडम” म्हणाले. हे शब्द माझ्या तोंडून इतके सहज निघतात की कधी कधी ते आधी निघतात आणि मी मागून पोचते.

प्रयोगशाळेत मावशी तव्यापाशी होत्या. त्या रोज वळसंगहून येतात. वेगवेगळ्या दिवसांचं पीठ त्यांच्यापुढे ठेवायचं, त्यांनी थापायचं, कडा कुठे फाटते ते मी मोजायचं, असं आमचं चालतं. मी पीठ चाळायला घेतलं.

“तोंड का उतरलंय गं?”

“काही नाही, मावशी.”

“काही न्हाय म्हनं. सकाळधरनं तीन डाव तेच पीठ चाळतीयास.”

मी चाळणी खाली ठेवली.

“शिपाई सांगत हुता, तुज्या जागी सर जानार. खरं हाय व्हय?”

“हो.”

“मग तू काय म्हनलीस?”

“काही नाही.”

“काहीच न्हाय?” त्यांनी भाकरी उलटली आणि पाण्याचा हात पुसला. “ती पोर्तुगालची पोरगी बग. मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, पर भाकरी करपाय लागली की कशी वरडायची. तुला दोन-दोन भाषा येत्यात आन् एकीतबी तोंड उगडंना.”

“मी बोलले तर अण्णांची नोकरी जाईल, मावशी.”

“आन् न बोललीस तर?”

“माझं जाणं जाईल.”

“मग कुनाचं तरी जानारच की,” मावशी म्हणाल्या, आणि दुसऱ्या डब्यातलं पीठ काढायला वळल्या. त्यांनी मला सल्ला दिला नाही. मला तो हवा होता.

जेवणाच्या सुट्टीत अण्णा आले. हातात दोन कप चहा. एक माझ्यापुढे ठेवला. या तीन वर्षांत अण्णांनी कुणाला चहा आणून दिलेला मी पाहिला नव्हता.

“ताई, माझं चुकलं.”

“नाही अण्णा...”

“चुकलंच. मी म्हनलं, बाहेरच्या देशात जानार, कागद पक्का पायजे. तितं कुनी विचारलं तर दाखवता यावा. आन् ते म्हनत्यात, कागद पक्का झाला म्हनूनच पोरगी बाद झाली.” त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. “चाळीस वर्षं हेच केलं हो मी. हितनं सोडायचं, तितं लावायचं. सुटल्याबिगर लागतंय कसं, हे माझ्या डोक्यात अजून शिरंना.”

मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

“पीएफला नोकरी सुटल्याची तारीख अजून टाकलेली न्हाय, तेवढं बरं झालं. नुसता कागद हाय. सचिव सायबांनी ‘रद्द, सेवा अखंडित समजावी’ एवढं लिहिलं तरी पुरंल. एका ओळीचं काम हाय.” मग आवाज उतरला. “पर ते विचारतील, काढला कुनी? मग म्हनतील, म्हातारा झाला, आता चुकतंय त्याचं. पुढच्या वर्सी नातीचं बारावीचं वर्स हाय ताई. मी तुमास्नी तोंड बंद ठेवा म्हनत न्हाय.”

“मग काय म्हणताय, अण्णा?”

त्यांनी आपला कप थोडा बाजूला सरकवला.

“माझं नाव तेवढं घेऊ नका,” ते म्हणाले आणि उठून गेले. चहा तसाच राहिला.

म्हणजे तो कागद एका ओळीने सुटत होता. मॅडमना हे माहीत होतं, सरांनाही माहीत असणार. प्रत्येकाला वाटत होतं की ती ओळ आपल्याला मागायला लागू नये. आणि सगळ्यांत सोयीची जागा माझी होती, कारण मी ‘हो मॅडम’ म्हणून बसले होते. मी माझ्या वहीत काय सांगायचं ते इंग्रजीत लिहून काढलं. ‘घरगुती कारणामुळे मला दुर्दैवाने माघार घ्यावी लागत आहे’ इथपर्यंत ते फार सुबक झालं. पुढचं वाक्य लिहिताना लक्षात आलं, की हे मी अर्जातल्या वाक्यांसारखंच लिहिते आहे, दुसऱ्या कुणाचं तरी. ते पान मी फाडलं नाही, खोडलंही नाही. पुढचं पान उलटलं, तर तिथेही काही सुचेना.

चार वाजता आम्ही मॅडमच्या खोलीत बसलो. मॅडम टेबलामागे, सर बाजूला, आणि लॅपटॉपपुढे मी, कारण कॅमेरा माझ्याकडे करायचा होता. अण्णा फाइल घेऊन दाराशी उभे होते. मॅडमनी बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

सर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “मी हे मागितलेलं नाही, हं. मला नको म्हणता आलं नाही.”

“मलाही,” मी म्हणाले. ते जरा दचकले. मी त्यांना कधी असं उत्तर दिलं नव्हतं.

पडद्यावर तिकडच्या समन्वयक बाई आल्या. मागे पांढरी भिंत, खिडकीत सकाळचं ऊन. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, मराठीत, आमच्याकडे राहून गेलेल्या त्या मुलीने शिकवलेला. मॅडमनी दोन वाक्यांत प्रगती सांगितली. सरांनी एक तक्ता दाखवला. मी पानं पुढे सरकवत होते.

मग बाई म्हणाल्या की सकाळचा मेल वाचला, वाईट वाटलं. माझ्यासाठी गिरणीजवळ खोली घेऊन ठेवली होती. त्या गिरणीतल्या म्हाताऱ्या बाईंना विरी या शब्दाबद्दल सांगितलं, तर त्या म्हणाल्या की आमच्याकडेही असं काहीतरी म्हणतात, पण आता कुणाला आठवत नाही. मी आले की विचारू, असं ठरलं होतं. मग कागद बाजूला ठेवून त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं.

“घरी सगळं ठीक आहे ना?”

मॅडमनी माझ्याकडे पाहून मान हलवली, बोल अशी. सरांनी पेन खाली ठेवलं. दाराशी अण्णांच्या हातातली फाइल जराशी वाजली. माझ्यापुढे वही उघडी होती आणि त्यात तयार वाक्य होतं. ते वाचलं असतं तर एका मिनिटात सगळं संपलं असतं. बाई हळहळल्या असत्या, अण्णा सुटले असते, मॅडमनी नंतर मला चांगलं प्रशस्तिपत्र दिलं असतं. मला घरी जाऊन बॅग रिकामी करावी लागली असती, आणि आईला सांगायला आणखी एक वाक्य शोधावं लागलं असतं.

मी वही मिटली. मी बोलायला लागले तेव्हा आवाज थरथरत होता. तो थांबेपर्यंत वाट बघितली असती तर कॉल संपला असता. म्हणून थरथरत्या आवाजातच, इंग्रजीत, खोलीतल्या सगळ्यांना समजेल इतकं सावकाश मी म्हणाले:

“माझ्या घरी काही अडचण नाही. मी माघार घेतलेली नाही आणि नोकरीही सोडलेली नाही. आमच्याकडे तुमच्या नियमाशी न जुळणारा एक कागद निघाला. त्यातला एक शब्द मला कळला नव्हता, तरी मी त्यावर सही केली; ती चूक माझी आहे. तो कागद एका ओळीने रद्द होतो, आणि ती ओळ मी आज आमच्या सचिवांकडे स्वतः मागणार आहे. मला यायचं आहे.”